दाराची नोंद

समोरच्या कंपनीची गाडी पंपहाउसच्या फाटकातून आत आली तेव्हा मी मुद्दाम वरच्या पायरीवर उभा होतो. प्रतिस्पर्धी पहिल्यांदा दिसेल तेव्हा आपण त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या उंच असावं, असं आमच्या मार्केटिंगवाल्यांनी पढवलं होतं. गाडीचं दार उघडलं. आधी पत्र्याची एक हत्यारपेटी बाहेर आली आणि तिच्यामागून हणमंत लोहार.

"श्रीपा," तो म्हणाला, "तू हितं काय करतोयस मर्दा?"

दोन्ही पायऱ्या उतरून मी त्याला मिठी मारली. कोल्हापूरच्या कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलेला माणूस चार हजार किलोमीटरवर भेटल्यावर दुसरं काय करणार? पण खरं सांगतो, त्याच्या पाठीवर हात फिरवतानाच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं.

त्या देशाचं नाव सांगत नाही. डोंगरातली, नदीकाठची राजधानी. नऊ वर्षांचं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि उभारणीला अख्खं जग लोटलं होतं. शाळेवर एका देशाचा झेंडा, पुलावर दुसऱ्याचा, इस्पितळावर तिसऱ्याचा. मदत म्हणून आलेला प्रत्येक जण जाताना काहीतरी घेऊनच जाणार हे तिथल्या चहावाल्यालाही कळत होतं. शहराची अकरा पंपहाउसं एका खोलीतून संगणकावर चालवायची, हे सगळ्यात मोठं काम शिल्लक होतं. त्यासाठी शेवटी दोघंच उरले होते. एक आमची पुण्याची कंपनी, जिच्या पाठीशी आपल्या देशाची मदत होती. दुसरी पूर्वेकडच्या एका बड्या देशाची, जिच्या पाठीशी तो बडा देशच होता; हणमंत तिच्यात नोकरीला होता. त्यांच्या यंत्रात एक छुपा कप्पा आहे आणि शहराची सगळी माहिती तो गुपचूप मायदेशी पाठवतो, अशी कुजबुज होती. तशाच अफवा त्यांनी आमच्याबद्दलही पेरून पाहिल्या, पण आमचं यंत्र इतकं साधं होतं की त्यात काही लपवायला जागाच नव्हती.

निकाल लावायला तीस दिवसांची चाचणी ठरली. एकाच पंपहाउसमधल्या एक नंबरच्या पंपावर आमची यंत्रणा, दोन नंबरवर त्यांची. दोन्ही पॅनल, म्हणजे पुरुषभर उंचीची लोखंडी कपाटं, समोरासमोर. नियम एकच, पण कडक. तीस दिवसांत कोणीही आपल्या पॅनलचं दार एकट्यानं उघडायचं नाही. उघडायचंच झालं तर पाणीखात्याच्या मुख्य अभियंता आणि समोरच्या कंपनीचा माणूस हजर पाहिजे.

त्यांचं पॅनल दार उघडल्याचीसुद्धा वेळ टिपून ठेवायचं. आमच्या पॅनललाही मुळात तसा स्विच होता, पण किंमत खाली आणताना आम्ही तो काढून टाकला होता. रोज सकाळी आठला दोन्ही यंत्रांचे कागद छापून निघायचे आणि आम्ही दोघं एकमेकांच्या कागदावर सही करायचो.

माझं पोट का दुखत होतं ते सांगितलं पाहिजे. मी, श्रीपाद कुंभोजकर, चारही वर्षं कॉलेजात पहिला. वडील गणिताचे प्राध्यापक. हणमंताच्या वडिलांचं, आबांचं, उद्यमनगरात एक लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन असलेलं वर्कशॉप. हणमंत जेमतेम पास व्हायचा. पण लॅबमधली मोटर रुसली की सर माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघायचे. तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवून मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "मागलं बेअरिंग." आणि मागचंच असायचं. मी गुणपत्रिका घेऊन घरी जायचो, तो सरांबरोबर चहाला जायचा. त्या चहाचा मला जो हेवा वाटला तो चाळीशी जवळ आली तरी जिरला नव्हता.

इथं त्याची पुनरावृत्ती व्हायला पुरते तीन दिवससुद्धा लागले नाहीत.

पाणीखात्याच्या मुख्य अभियंता मरियम खानम या पंचावन्नच्या बाई. शहराला वेढा पडला होता तेव्हा त्यांनी हेच पंपहाउस ट्रॅक्टरचं इंजिन जोडून चालू ठेवलं होतं. बोलणं मोजकं, इंग्रजी आणखी मोजकं. त्यांच्याजवळ एक हिरवा थर्मास असायचा आणि त्यातला चहा त्या स्वतः पीत. आम्हा पाहुण्यांना कँटीनचा चहा. तिसऱ्या दिवशी हणमंतानं ते ट्रॅक्टरचं इंजिन बघायला मागितलं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेलं ते धूड त्यानं उघडलं, तासभर त्याच्याभोवती फिरला, आणि बाईंनी ते कसं जोडलं होतं ते हातवारे करून त्यांनाच समजावून सांगितलं. बाई हसल्या. थर्मासचं झाकण उलटं करून त्यांनी त्याला चहा ओतून दिला.

मी त्याच संध्याकाळी त्यांना आमच्या यंत्रणेची चाळीस पानी माहिती दिली. त्यांनी "आभार" म्हणून ती ड्रॉवरमध्ये ठेवली.

मला भेटायला अधूनमधून भार्गव नावाचे गृहस्थ यायचे. दिल्लीचे, आमच्या कंपनीनं नेमलेले सल्लागार. ते नेमका कसला सल्ला देतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"काही विशेष?" ते विचारत.

"काही नाही. दोन्ही पंप ठीक चाललेत."

"ठीक चालणं आपल्याला परवडणार नाही, कुंभोजकर. त्यांचं ठीक आपल्यापेक्षा अधिक ठीक आहे. काही वावगं दिसलं तर मला सांगा. लहानसं असलं तरी चालेल."

"माझा वर्गमित्र आहे तो," मी म्हणालो.

"तो नाही हो. मी यंत्राबद्दल बोलतोय."

सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी मरियम खानम फेरीवर आल्या. मी त्यांना आमचे आलेख दाखवत होतो आणि पलीकडे हणमंत आमच्या पंपाजवळ थबकला होता. त्यानं खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक आमच्या पंपाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मला पुढचं सगळं आधीच ऐकू आलं.

"श्रीपा, तुझं मागलं बेअरिंग चाललंय. आत्ताच ग्रीस घाल, न्हाईतर दोन दिवसांत धरंल."

"काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

सांगावं तर लागणारच होतं. आम्ही ग्रीस भरलं आणि आवाज बदलला, तो अगदी मलाही कळला. चार दिवस गप्प बसला असता तर आमचा पंप अडकून चाचणी त्यानं जिंकली असती. हे बाईंच्याही ध्यानात आलं. हिरवा थर्मास पुन्हा निघाला. "तुम्ही दुसऱ्याचा पंप वाचवलात," त्या त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "नशीबवान आहात, असा मित्र आहे," म्हणाल्या.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. त्यानं मला हरवलं असतं तर मी सहन केलं असतं. त्यानं मला वाचवलं होतं, आणि तेही बाईंच्या समोर.

अतिथिगृहात आमच्या खोल्या शेजारीशेजारी होत्या. परतताना तो खुशीत होता.

"उद्या खंडेनवमी हाय, ध्यानात हाय का? आईनं डबीत हळद-कुंकू दिलंय. फाटकाजवळ झेंडू फुललाय, बघितलास न्हवं? करूया की दोघं मिळून. आबांच्यागत."

"बघू," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

खंडेनवमीला आबांच्या वर्कशॉपात मशीन बंद असायची. लेथ, ड्रिल, हातोडे, कानशी धुऊनपुसून मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, आणि एकदा मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. पहिल्या वर्षी हणमंत मला ओढून घेऊन गेला तेव्हा आबांनी विचारलं होतं, "तुझं हत्यार कुठाय?" माझं कुठलं हत्यार? त्यांनी माझ्या खिशातला कॅल्क्युलेटर काढला आणि हातोड्याशेजारी मांडला. लेथला मात्र त्यांनी कुंकू खालून, बुडाला लावलं, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही असं. मी विचारलं तर म्हणाले, "लोकांना दावायला न्हाई लावत. मशीनला लावतोय." नोकरी लागली तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना सारखाच पिवळ्या मुठीचा टेस्टर दिला. "हे आता तुमचं हत्यार." माझा टेस्टर पंपहाउसच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला दारावर टकटक झाली. मला रात्रभर धड झोप नव्हती. टेबलावरचा दिवा लावून मी आलेख चाळत बसलो होतो.

"श्रीपा. ए श्रीपा. चल की."

मी हात लांब केला आणि दिवा बंद केला. पुन्हा दोनदा टकटक झाली. मग जिन्यावरून उतरणारी पावलं, ती मी मोजली नाहीत तरी शेवटपर्यंत ऐकली. जा एकटाच, मी मनाशी म्हणालो. कर काय करायचं ते आणि पी तिचा चहा.

सकाळी आठला मी पंपहाउसवर गेलो तेव्हा हणमंत अंघोळ करून, टिळा लावून, नदीकाठच्या पाणीसाठ्याची पातळी बघायला गेला होता. त्याच्या यंत्राचा कागद छापून टेबलावर पडला होता. मी सहीसाठी उचलला. मधल्या एका ओळीत लिहिलं होतं: सहा वाजून बारा मिनिटं, दार उघडलं. सहा एकोणीस, दार बंद.

मी त्या ओळीकडे पाहत राहिलो. सात मिनिटांत काय झालं असेल ते त्या अख्ख्या देशात एकट्या मला ठाऊक होतं. त्यानं आतल्या पत्र्याच्या बुडाला, दिसणार नाही असं, कुंकू लावलं असेल. हात जोडले असतील. आपण नियम मोडतोय हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. दार उघडणं म्हणजे यंत्राला हात लावणं, आणि हे तर नुसतं कुंकू. आमच्याकडच्या कुठल्याही फिटरनं हेच केलं असतं. मी हसून सही करायला हवी होती. त्याला शिव्या घालून, बाईंना बोलावून, दोन वाक्यांत सांगून टाकायला हवं होतं.

सही करायला मी माझ्या ड्रॉवरमधलं पेन काढलं. तेव्हा दिसलं की ड्रॉवरमध्ये माझा टेस्टर नाही. शोधाशोध केली नाही. मी पेन परत ठेवलं, कागदाची घडी केली आणि भार्गवांना फोन केला.

मी फक्त कागद दाखवला. पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

भार्गवांनी ती ओळ वाचली आणि माणूस उपाशीपोटी ताटाकडे बघतो तसं त्या कागदाकडे बघितलं. "कशासाठी उघडलं असेल?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणालो.

दुपारपर्यंत मंत्रालयाचा माणूस आला. संध्याकाळी हणमंताचं पॅनल उलगडलं गेलं. छुपा कप्पा सापडला नाही. सापडली ती आतल्या पत्र्याच्या बुडाशी लाल पूड, पिवळी पूड आणि एक फूल. लाल पुडीची कागदात पुडी बांधून ती तपासायला पाठवली गेली. युद्धातून उठलेल्या शहरात लाल पूड म्हटल्यावर लोकांच्या मनात काय काय येतं, ते त्यांना विचारावं.

दसऱ्याच्या सकाळी पाणीखात्याच्या लांब टेबलाभोवती आम्ही बसलो. मंत्रालयाचा गडद सुटातला माणूस, मदत देणाऱ्या देशांचा एक प्रतिनिधी, मरियम खानम, भार्गव आणि मी. समोर हणमंत. त्याच्या कंपनीचा साहेब त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसला होता, त्यावरूनच वारं कुठं वाहतंय ते कळत होतं.

"आमच्यात हत्यारांची पूजा असते," हणमंत म्हणाला. त्याचं इंग्रजी अडखळत होतं. "वर्षातून एकदा. मी पूजा केली. दुसरं काही नाही. श्रीपादला विचारा. आम्ही एकाच गावचे. तो सांगेल."

सगळे माझ्याकडे वळले. मरियम खानमांचा चेहरा मला अजून दिसतो. मी हो म्हणावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ते मला दिसत होतं. त्याच्यासाठी त्यांना असं वाटावं, इथंच माझं बिनसलं.

"अशी प्रथा आहे का?" मंत्रालयाच्या माणसानं विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

बाईंनी श्वास सोडला. हणमंत माझ्याकडे बघून हसलादेखील.

"पण ती चारचौघांत करतात," मी पुढे बोललो. "मशीन बंद ठेवून. चालू मशीनचं दार पहाटे एकट्यानं उघडून नाही. आणि इथं आमच्याकडचा मी एकटाच. पूजाच होती तर त्यानं मला बोलावलं असतं."

"तुम्हाला बोलावलं नव्हतं?"

"नाही."

हणमंताच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच राहिलं, कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं.

आणि मग, काही गरज नसताना, मी म्हणालो, "त्याच सकाळपासून माझ्या ड्रॉवरमधला टेस्टरही गायब आहे."

त्यानं झटकन मान वर केली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा सांगणार की त्यानं दार वाजवलं होतं. मी काय उत्तर द्यायचं ते जुळवूनही ठेवलं. पण त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं. चोरी सापडली म्हणून गप्प बसला, असं टेबलाभोवतीच्या सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटून घ्यायचं होतं, म्हणून मीही वाटून घेतलं.

मरियम खानम उठून खिडकीशी गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "नियम मोडला गेला आहे." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याला न्यायला आली. हत्यारपेटी मागच्या सीटवर ठेवून तो आत बसला आणि काच खाली केली. "बेअरिंगला आठवड्यानं परत ग्रीस घाल," तो म्हणाला. "इसरू नको."

त्यांची निविदा बाद झाली, काम आम्हाला मिळालं आणि मी प्रकल्पप्रमुख झालो. त्याच्या कंपनीनं त्याला काढून टाकलं. त्याचं नाव कुठल्याशा यादीत गेलं आणि त्याला परदेशी काम मिळणं बंद झालं. वर्तमानपत्रांत नकाशे छापून आले, बाण काढलेले. त्या बड्या देशाला शह, आपल्या तंत्रज्ञानाचा विजय. भार्गवांची बढती झाली असावी, कारण ते पुन्हा दिसले नाहीत. मरियम खानम माझ्याशी अखेरपर्यंत सौजन्यानं वागल्या. थर्मास हिरवाच होता, चहा कँटीनचाच.

चौदा महिन्यांनी आमचं पॅनल नव्या इमारतीत हलवायचं होतं. ते उलगडताना मी स्वतः उभा होतो. आतला मोठा पत्रा, ज्यावर सगळी जोडणी असते, तो आम्ही पहिल्यांदाच पूर्ण बाहेर ओढला. त्याच्या मागं, कपाटाच्या बुडाशी, कुंकवाची पाच बोटं होती. बाजूला काळा पडलेला झेंडू. आणि खालच्या पट्टीला लाल दोऱ्यानं बांधलेला पिवळ्या मुठीचा टेस्टर.

मी गुडघ्यावर बसलो. पॅनलच्या कुलुपाची किल्ली जगभर एकाच घाटाची असते. त्यानं माझंही दार उघडलं होतं. मी खोलीचं दार उघडलं नाही म्हणून माझं हत्यार त्यानं माझ्या वतीनं मांडलं होतं आणि कुंकू आबांच्या पद्धतीनं दिसणार नाही असं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सांगणार असेल. दसऱ्याला त्याला त्या टेबलासमोर बसवलं गेलं.

त्याच्या चांगल्या यंत्रानं इमानदारीनं सात मिनिटांची नोंद केली. आमच्या स्वस्त यंत्रानं चकार शब्द काढला नाही.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. मी टेस्टर गायब आहे म्हणालो तेव्हा त्यानं तोंड उघडलं होतं. 'याचं पॅनल उघडून बघा,' एवढं एक वाक्य पुरे होतं. त्याची पूजा खरी ठरली असती. पण मग माझंही पॅनल नियम मोडून उघडलं गेलं होतं हे कळलं असतं. माझी चाचणीही रद्द झाली असती आणि त्याच्याबरोबर मीही घरी गेलो असतो. ते वाक्य त्यानं गिळलं.

मी काय केलं? दोरा तोडून टेस्टर खिशात घातला आणि ओलं फडकं मागवून कुंकू पुसून टाकलं.

गेल्या वर्षी पुण्यात एका व्याख्यानमालेत त्या देशावर भाषण होतं. जागतिक राजकारणाचे जाणकार म्हणून एका प्राध्यापकांना बोलावलं होतं. तो निर्णय आपल्या बाजूनं का लागला, त्यामागचे छुपे हेतू त्यांनी उलगडून सांगितले. नदीचा करार होता, डोंगरातल्या खाणी होत्या, बड्या देशाचं बंदर होतं. लोक वह्यांत लिहून घेत होते. एकानं उठून विचारलं, "पण सर, त्या वेळी कुणी एक अधिकारी वगैरे..." प्राध्यापक हसले. "असे निर्णय माणसं घेत नाहीत," ते म्हणाले. "त्यामागे शक्ती असतात." मीही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन टेस्टर शोधला आणि खंडेनवमीच्या आदल्या रात्रीची कोल्हापूरची गाडी पकडली.

उद्यमनगरात बोर्ड तोच होता, आत लेथ तीन झाले होते. भिंतीवर आबांच्या फोटोला हार. हणमंत जमिनीवर बसून हत्यारं मांडत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं मान वर करून बघितलं आणि सरकून जागा केली.

"ये. बस."

मी खिशातून टेस्टर काढून त्याच्यापुढे धरला. मूठ पिवळी कसली, आता मळकी झाली होती. त्यानं तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"सापडला व्हय. कवा?"

यंदा सापडला असं म्हणता आलं असतं. तोंडात तेच येत होतं. "चौदा महिन्यांनी," मी म्हणालो. "पॅनल हलवताना."

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. "म्हंजे सतरा वर्सं होत आली की."

"हो."

 त्यानं टेस्टर धोतराच्या फडक्यानं पुसला, कॅलिपर आणि हातोडा यांच्यामध्ये जागा करून मांडला, बोट कुंकवात बुडवून त्याच्या मुठीला लावलं. "आता उद्या न्यायचा," तो म्हणाला. "आज उचलायचं न्हाई."

इतकं सोपं होतं त्याला. मला पुन्हा त्याचा हेवा वाटला, त्या पहिल्या चहाच्या वेळी वाटला होता तितकाच. आपलं पाप धुवायला आलेला मी, आणि इथंही पाणी त्याच्याच हातात. निदान एक गोष्ट तरी माझ्याकडून त्याला नव्यानं कळावी, म्हणून मी म्हणालो, "हणमा, त्या पहाटे मी जागा होतो. तू दार वाजवलंस तेव्हा."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "फटीतनं दिवा दिसत हुता. मी वाजवलं आणि त्यो इजला."

मग तो वाकला आणि लेथच्या बुडाला कुंकू लावायला लागला.